कुंडीतली कोरफड

दिवाळीच्या आधीची साफसफाई म्हणजे आमच्या घरातले वार्षिक उत्खननच असते. माळ्यावरून काय खाली येईल आणि कपाटामागून काय बाहेर पडेल, याचा नेम नसतो. हरवली म्हणून वर्षभर जिची हळहळ केली ती चांदीची वाटी सापडते, आणि तिच्यापायी ज्या कामवाल्या बाईवर आपण मनातल्या मनात संशय घेतला तिच्या नजरेला नजर देणे अवघड होऊन बसते. साफसफाईने घर स्वच्छ होते हे खरे. पण घर आवरणाऱ्याचे मन प्रत्येक वेळी स्वच्छ होतेच असे नाही. कधी कधी झाडूबरोबर असे काही हाती लागते, की केर भरून झाला तरी ते हातातून सुटत नाही.

गेल्या वर्षी मला अशी एक कोरफड सापडली.

आमच्या मागच्या बाल्कनीला काचा लावून आम्ही तिची अडगळीची खोली केली त्याला आता बरीच वर्षे झाली. रद्दीचे गठ्ठे, एका पायाने अधू झालेली खुर्ची, धाकट्या मुलीची सायकल, आणि या सर्वांवर दोरीला टांगलेले ओले कपडे. खुर्ची हलवली तेव्हा तिच्यामागे मातीची कुंडी दिसली. कुंडीत काहीतरी होते. त्याला झाड म्हणण्याचे धाडस मला प्रथम झाले नाही. खालची पाती कागदासारखी वाळून खोडाला चिकटली होती. वरची पाती पन्हळीसारखी आत वळून तांबूस झाली होती. आणि सारे खोड खिडकीच्या दिशेने असे कलले होते, की कुणीतरी बोलावील म्हणून माणसाने दाराकडे मान करून बसावे आणि तशीच मान अवघडून जावी. तरी ते जिवंत होते. वर वाळत घातलेल्या कपड्यांचे जे चार थेंब गळत, त्यांच्यावर ते जगले होते. नुसते जगले नव्हते. त्या कोंदट कुंडीत त्याने नऊ पिल्ले धरली होती.

ही कोरफड आमच्याकडे कशी आली, ते मला लख्ख आठवत होते. 2004 सालच्या दिवाळीत धाकटीने विझलेल्या फुलबाजीची तार हातात धरली. तार विझली तरी तापलेलीच असते, हे ज्ञान प्रत्येक मुलाला एकदाच आणि अशाच रीतीने होते. भाऊबिजेसाठी वाईहून माझी ताई आलेली होती. आम्ही सारे नुसते धावपळ करीत होतो. ताईने पोरीचा हात नळाखाली धरला तो पोरीचे रडे थांबेपर्यंत सोडला नाही. नंतर शेजाऱ्यांकडून कोरफडीचे पाते आणून त्याचा गर लावला. पुढच्या खेपेस येताना रंगाच्या रिकाम्या डब्यात तिच्या अंगणातल्या कोरफडीचे एक पिल्लू घेऊन आली. म्हणाली, “पोरांच्या घरात असावी. हिचं काही करावं लागत नाही.”

हिचे काही करावे लागत नाही! या एका वाक्याचा आम्ही पुढची वीस वर्षे पुरेपूर फायदा घेतला.

सापडल्या दिवशी मला जे वाटले त्याला मी तेव्हा दया म्हटले असते. आता मी त्याला वेगळे नाव देईन. मी ती कुंडी उचलून दक्षिणेच्या खिडकीत, ऐन आश्विनातल्या उन्हात ठेवली आणि तांब्याभर पाणी घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातले. तिसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ घातले. इतक्या वर्षांची बाकी दहा दिवसांत फेडून टाकावी असा माझा खाक्या होता. आत मुळांनी कुंडीचे भोक बुजवून टाकले आहे आणि घातलेले पाणी तळाशी साचते आहे, हे पाहण्याचे मला सुचले नाही. पाती आणखी लाल झाली. मी आणखी पाणी घातले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी पाहतो तो बुंधा मऊ पडलेला, बोट लावताच आत जावे इतका, आणि त्याला कुजका वास येत होता. इतक्या वर्षांच्या उपेक्षेने जे झाले नव्हते ते माझ्या दहा दिवसांच्या प्रेमाने केले होते.

मी ताईला फोन लावला. फोन लावताना लक्षात आले की गेल्या तीन महिन्यांत मी तिला फोन केलेला नव्हता. गणपतीतही तिचाच आला होता.

“ताई, कोरफड कुजली.”

“कुठली?”

“तू दिलेली.”

“अजून आहे?” ताई म्हणाली. त्या दोन शब्दांत नवल होते, तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला बरे वाटले असते.

मग तिने चौथीच्या वर्गाला शुद्धलेखन घालावे तशा सूचना घातल्या. “आधी कुंडीतून बाहेर काढ. माती नुसती झटक, धुऊ नकोस. सुरी उकळत्या पाण्यातून काढून पूस. पिल्लं मुळासकट वेगळी कर. मोठीचं जेवढं मऊ झालंय तेवढं सगळं काप. आतला घट्ट, पांढुरका भाग दिसेपर्यंत कापत जा. तिथे दया दाखवू नकोस.”

“मग?”

“मग काही नाही. सावलीत कागदावर पसरून ठेव चार-पाच दिवस. कापलेलं वाळू दे.”

“आणि पाणी?”

“पाण्याचं नाव काढलंस तर बघ.” आणि थोडे थांबून म्हणाली, “बाबू, तिला पाणी कमी लागतं. लागत नाही असं नव्हे. कमी लागणं आणि न लागणं यात फरक आहे. तू आधी एक चूक केलीस, मग दुसरी.”

ताई बोलत होती ती कोरफडीविषयीच. दुसरे काही सुचवायचे असते तर तिने सरळ सांगितले असते. चाळीस वर्षे मुलांना शिकवलेल्या बाईला आडून बोलण्याची सवय नसते. पण फोन ठेवल्यावर मी सुरी हातात घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो.

कोरफड ही मोठी चमत्कारिक वनस्पती आहे. मूळची ती अरबस्तानाकडची. पण आपल्याकडे ती इतकी जुनी झाली आहे, की तिला कुणी परकी म्हणणार नाही. आपल्या वैद्यांनी तिला ‘कुमारी’ म्हटले. कुमारी आसवाच्या बाटलीत आणि बाळंतिणीच्या घरातल्या काळ्या बोळात तीच असते. युरोपियनांच्या वनस्पतिशास्त्रात तिचे आजचे नाव रूढ झाले ते बर्मन नावाच्या डच शास्त्रज्ञाच्या 1768 सालच्या ग्रंथापासून, आणि त्या ग्रंथाचा विषय हिंदुस्थानातल्या व आसपासच्या मुलखातल्या वनस्पती हाच होता. आता तिचा गर साबणांत आणि केस धुण्याच्या द्रवांत घालतात, निदान बाटलीवर तसे चित्र तरी काढतात. पण आपल्या गावांतून, बाजारपेठांतून तिचे अगदी वेगळेच रूप पाहायला मिळते. दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या, घराच्या दारावर ती मुळांसकट उलटी टांगतात. माती नाही, पाणी नाही. तरी ती महिनेच्या महिने हिरवी राहते, आणि उलटी टांगलेली असतानाही तिचा शेंडा हळूहळू वळून वर आकाशाकडे पाहू लागतो.

हे तिला कसे जमते, याचे उत्तर शास्त्राजवळ आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रे उघडतात. हवा आत येते, पण तिच्याबरोबर पानातले पाणी वाफ होऊन बाहेर जाते. कोरफड दिवसा आपली दारे जवळजवळ बंदच ठेवते. रात्री, गारव्यात, ती दारे उघडते, हवेतला कर्बवायू आत घेते आणि त्याचे आम्ल करून साठवून ठेवते. दुसऱ्या दिवशी दारे लावून घेऊन, त्या शिदोरीवर, उन्हाच्या जोरावर आपले अन्न शिजवते. या प्रकाराची एक जुनी नोंद आपल्याच देशात झालेली आहे. कंपनी सरकारच्या चाकरीत मद्रासकडे असलेल्या बेंजामिन हाईन या वनस्पतितज्ज्ञाने आपल्या पानफुटीचे पान सकाळी चावून पाहिले तो आंबट लागले, दुपारी चावले तो बेचव, आणि संध्याकाळी किंचित कडवट. त्याचे हे निरीक्षण 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. पानफुटीची आणि कोरफडीची रीत या बाबतीत एकच. ज्याने तिला फक्त दुपारी पाहिले त्याला तिच्या आंबटपणाची कल्पना यावी कशी?

भाऊबिजेला मी वाईला गेलो. पुण्याहून वाई अडीच तासांवर. स्वारगेटला एसटीत बसावे, खंबाटकी ओलांडावी, सुरूरच्या फाट्याला वळावे, की आलेच. तरी चार वर्षांत मी गेलो नव्हतो. ओवाळणी मोबाईलवरून पाठवीत होतो. ती एका क्षणात पोचते, आणि पोचली असे यंत्रच कळवते, म्हणून ‘पोचली का?’ असे विचारण्याचीही गरज उरत नाही. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोन दिवस वाळलेली कोरफडीची पिल्ले होती. नवांपैकी दोन कुजली होती. सात उरली होती.

एसटीत मला एका मित्राशी झालेला वाद आठवत होता. तो म्हणाला होता, “अरे, वीस-तीस रुपयांची कोरफड! रोपवाटिकेतून दुसरी आण. आणि झाडाला काय कळतं, तुम्ही त्याची उपेक्षा केली की नाही ते? शेताच्या बांधावर शेकडो कोरफडी उभ्या असतात, त्यांना कोण पाणी घालतो?”

बांधावरच्या कोरफडीचा त्याचा मुद्दा खरा होता. आणि मला वाटते उत्तरही तेथेच आहे. बांधावरच्या कोरफडीची उपेक्षा कुणीच करीत नाही. ती करता येतच नाही. तिच्या मुळांना हवी तितकी जमीन आहे, पाऊस तिच्यावर पडतो, तिची पिल्ले जागा मिळेल तिकडे सरकतात. उपेक्षा होते ती कुंडीतल्या कोरफडीची. ज्या दिवशी आपण तिला कुंडीत लावतो, त्या दिवशी तिची जमीन काढून घेतो, पाऊस काढून घेतो, आणि त्यांच्या जागी आपण स्वतः उभे राहतो. कर्तव्य उत्पन्न होते ते झाडाला कळते की नाही यावरून नव्हे. आपण घातलेल्या त्या मातीच्या भिंतीवरून. ज्याचे आकाश आपण अडवले त्याला तांब्याभर पाणी देणे हा उपकार नव्हे, ते भाडे आहे.

हा युक्तिवाद मला मोठा समाधानकारक वाटला. आणि मग, घाट उतरताना, त्याने माझ्यावरच उलट खाल्ली. कारण ताईची कुंडी कोणी घडवली हे मला ठाऊक होते. 1979 साली आमच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आई त्याआधीच गेली होती. दादा मुंबईला, मी पुण्याला नोकरीत नुकता चिकटलेला. तेव्हा आम्ही बसून काही ठराव केला नाही. घरांतले सर्वांत मोठे निर्णय असेच ठराव न होता होतात. दादा म्हणाला, “ताई आहेच.” मीही मान डोलावली. ताई तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवीत होती, आणि तिला सांगून आलेली दोन स्थळे त्या वर्षी ‘पुढे पाहू’ म्हणून परत गेली. पुढे कुणी पाहिले नाही. बाबा अकरा वर्षे अंथरुणावर होते. ते गेले तेव्हा ताईच्या लग्नाचा विषय काढण्याचीही वेळ निघून गेली होती. ताईने कधी काही म्हटले नाही. आणि ती काही म्हणत नाही यालाच आम्ही तिची संमती समजत आलो. दारावर उलटी टांगलेली कोरफड हिरवी राहते, म्हणून तिला उलटे टांगलेलेच मानवते असे समजावे तसे.

ताईने ओवाळले. ताटातला दिवा, तिचा थरथरणारा हात, आणि तिने माझ्यासाठी म्हणून केलेले, आता मला खायला मनाई असलेले अनारसे. जेवणे झाली. पिल्ले तिने खिडकीत कागदावर मांडली, एकेक उचलून मुळे पाहिली, आणि एक बाजूला काढले. “हे मला ठेव. माझी गेली रे. अंगणात फरशी घातली तेव्हा गवंड्यांनी उपटून टाकली.”

“म्हणजे ही तुझीच परत आली.”

“हीच ती,” ताई म्हणाली. शास्त्राच्या दृष्टीने तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पिल्लू हे बीजातून आलेले अपत्य नव्हे. ते मूळ झाडाचेच एक अंग. वीस वर्षांपूर्वी तिच्या अंगणातून निघाले तेच झाड वेगळ्या देहाने परत आले होते. फक्त मधल्या वीस वर्षांचा हिशेब कुणी द्यायचा, एवढाच प्रश्न होता.

रात्री केव्हातरी मला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. दोन वाजून गेले होते. ताई जमिनीवर बसून जुन्या वह्यांचे कोरे कागद फाडून शिवत होती. समोर रेडिओ अगदी बारीक लावला होता, कुणाला ऐकू जाऊ नये इतका, आणि घरात ऐकायला दुसरे तर कुणी नसायचेच.

“झोपली नाहीस?”

“झोप येत नाही रे. पाच-सहा वर्षं झाली आता. तू झोप.”

पाच-सहा वर्षे! मी दर फोनवर विचारीत होतो, “कशी आहेस?” आणि ती सांगत होती, “मी ठीक.” मी नेहमी दुपारीच फोन करीत असे.

मी तिच्याजवळ बसलो, आणि एसटीत जुळवून आणलेले सारे बोलून टाकले. कुंडीचे बोललो, बाबांचे बोललो, ‘ताई आहेच’ हे शब्द बोललो. आम्ही तुझे आयुष्य अडवले, असेही म्हणालो. माझा आवाज भरून आला होता, आणि खरे सांगायचे तर मनाच्या एका कोपऱ्यात मला स्वतःचे थोडे कौतुकही वाटत होते.

ताईने सुई थांबवली नाही. “झालं?” ती म्हणाली. “आता ऐक. बाबांजवळ मी राहिले ती तुम्ही ठेवलंत म्हणून, हे खरंच आहे. मला तेव्हा राग आला होता आणि तो बरीच वर्षं होता. पण थोडी मी राहिले ती मला राहायचं होतं म्हणून. मला शाळा आवडायची. हे घर आवडायचं. बाबा रात्री जे बोलायचे ते तुम्हां दोघांना कधी ऐकायला मिळालं नाही, ते मला मिळालं. तेव्हा सगळं आयुष्य उचलून तुमच्या पापाच्या खात्यावर मांडू नकोस. थोडं माझ्याही नावावर राहू दे.”

मला काही बोलता येईना.

“आणि दुसरं. तुला वाईट वाटलं म्हणून तू आलास. उद्या बरं वाटलं की येणार नाहीस. वाईट वाटण्याचा काही भरवसा नाही, बाबू.”

मी पुण्याला परतलो तो जणू नवा निश्चय करूनच. ताईला रोज फोन करू लागलो. सकाळी चहाच्या वेळी आणि रात्री झोपण्यापूर्वी. झोप लागली का, औषध घेतलेस का, जेवलीस का. गुडघ्याला लावायचे पट्टे पाठवले, डॉक्टरांची वेळ ठरवली, पुण्याला कायमची राहायला ये असा धोशा लावला. आठव्या दिवशी ताई म्हणाली, “तू मला कोरफड समजतोस की काय? किती पाणी घालशील? मला कामं असतात. सकाळी दोन पोरी गणित शिकायला येतात, त्यांच्यासमोर माझं पोट साफ झालं का म्हणून विचारतोस!”

एकच चूक मी दोनदा केली होती. आणि दोन्ही वेळा ती चूक म्हणजे प्रेमच आहे असे मला प्रामाणिकपणे वाटले होते. आता विचार केल्यावर वाटते, की पस्तावलेला माणूस समोरच्याकडे बघतच नाही. त्याचे सारे लक्ष आपल्या देण्यावर असते. कधी एकदा फिटते असे त्याला झालेले असते. तांब्याच्या तांबे पाणी ओतणारा मी कोरफडीकडे पाहत नव्हतो. पाहिले असते तर बुंध्याचा बदललेला रंग पहिल्या तीन दिवसांत दिसला असता. आधी मी तिला न पाहता विसरलो. नंतर तिला न पाहताच पाणी घातले. दोन्हीकडे न पाहणे तेच.

‘उपेक्षा’ हा शब्द मी या लेखात बराच वापरला आहे, आणि वाईट अर्थानेच वापरला आहे. पण हा शब्द मूळचा इतका वाईट नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्त प्रसन्न होण्यासाठी ज्या चार भावना सांगितल्या आहेत, त्यांत मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या पंक्तीला चौथी बसली आहे ती उपेक्षा. तेथे ती अपुण्यवानांविषयी बाळगायची आहे; बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांत मात्र तीच उपेक्षा प्राणिमात्रांविषयीच्या समभावाचे रूप घेते. शब्दाची फोड केली तर ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. जवळून पाहणे! पाहायचे, पण ढवळाढवळ करायची नाही; हात मागे ठेवायचे, पण डोळे मिटायचे नाहीत. शतकांच्या ओघात आपण त्यातले हात मागे ठेवणे तेवढे राखले आणि पाहणे टाकून दिले. आणि शब्दाचा अर्थ पार फिरला. कोरफडीला जी हवी असते ती ही जुनी उपेक्षा. तिला रोज पाणी नको. पण तिला पाणी हवे आहे की नाही, हे पाहणारे कुणीतरी हवे.

सांगायला ही गोष्ट सोपी आहे, करायला अवघड. पाणी घालणे फार सोपे असते, विसरणे त्याहून सोपे. रोज जाऊन मातीत दोन पेरे बोट खुपसायचे, आत ओल आहे असे लागले तर काही न करता परत यायचे, हे सर्वांत अवघड. त्या न करण्याची कुणी दाद देत नाही, आणि आपल्यालाही काही केल्याचे समाधान मिळत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी, मोठ्या झालेल्या मुलांशी, शेजारच्या एकट्या बाईशी वागताना नेमके हेच जमत नाही. आपल्याला एक तर सारे करून टाकायचे असते, नाही तर ‘त्यांचे काही करावे लागत नाही’ असे म्हणून मोकळे व्हायचे असते.

कोरफडीची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. सहा पिल्ले मी ताईने सांगितल्याप्रमाणे निम्मी माती आणि निम्मी जाडी वाळू व विटांचे बारीक तुकडे घालून लहान कुंड्यांत लावली. पहिला आठवडा पाणी दिले नाही. सारीच्या सारी धरली. मोठीचा कापून उरलेला शेंडा मात्र मी जवळजवळ सोडून दिला होता. तो नुसता वाळूमिश्रित मातीवर बसवून ठेवला होता. ना वाढ, ना मरण. मी रोज पाहायचो. पौष लागला तेव्हा एका सकाळी हलकेच ओढून पाहिले, आणि त्याने मला विरोध केला. खालून काहीतरी मातीला धरून होते. विरोधाने इतका आनंद होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्या पहिल्या मुळांना मी तेवढ्यापुरते पाणी दिले आणि पुढचे दहा दिवस दिले नाही.

पण एक गोष्ट येथे लपवणे बरे नव्हे. कलंडलेले खोड सरळ झाले नाही. ज्या बाजूला ती इतकी वर्षे प्रकाश शोधीत झुकली होती, त्या बाजूचा बाक अजून तिच्यात आहे, आणि बहुधा राहील. नवी पाती त्या बाकावरूनच वर निघाली आहेत. झालेली उपेक्षा भरून निघते का, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी त्याला माझी कोरफड दाखवीन. भरून निघत नाही. पुढे मात्र वाढता येते.

सहांपैकी तीन कुंड्या शेजाऱ्यांना दिल्या. देताना ‘हिचे काही करावे लागत नाही’ असे म्हणण्याचा मोह झाला, तो आवरला. एक मुलीने बंगळूरला नेली. तिच्या बोटावर फुलबाजीचा डाग आता राहिलेला नाही. पण तार तापलेली असते हे ती आपल्या पोराला सांगत असते, आणि पोर अर्थातच ऐकत नाही. उरलेल्या दोन मोठीच्या शेजारी आहेत. मागच्या बाल्कनीतली खुर्ची आणि सायकल मी काढून टाकली. कपडे अजून तेथेच वाळतात.

ताईशी माझा आता करार झाला आहे. रोजचे फोन बंद. आठवड्यातून एक, तोही रात्री दहानंतर, कारण तेव्हा ती बोलायला मोकळी असते आणि दुपारी ‘मी ठीक’ म्हणणारी ताई रात्री जरा वेगळे काही सांगते. आणि महिन्यातून एकदा वाई. वाईट वाटो वा न वाटो. गेलो की मी फारसे काही करीत नाही. तिच्या विद्यार्थिनी गणिते सोडवीत असतात, मी घाटावर जाऊन कृष्णेचे पाणी पाहून येतो, ढोल्या गणपतीला हात जोडतो, खिडकीतल्या कोरफडीच्या मातीत बोट खुपसून पाहतो. ताई विचारते, “आहे ओल?” मी म्हणतो, “आहे.” मग आम्ही चहा घेतो.

या भाऊबिजेपर्यंत अशा बारा खेपा व्हायला हव्या होत्या. नऊ झाल्या आहेत. हे मला कसे ठाऊक, असे विचाराल तर सांगतो. गेल्या खेपेस ताईच्या टेबलावर, त्या रात्री ती शिवत होती तीच वही, उघडी पडलेली दिसली. पोरींच्या हजेरीसाठी आखलेल्या पानावर, दोन पोरींच्या नावांखाली, तिसरे नाव माझे होते. आणि त्यापुढे बारा घरांपैकी तीन घरांत, तांबड्या शाईने, शाळेतल्या सारखा, टपोरा ‘गै’ मांडलेला होता.